सूर्य वळतो तिथे रेंगाळतो

डिसेंबरच्या १५ तारखेपासून २८ तारखेपर्यंतचे दोन आठवडे घ्या. एवढ्या काळात मुंबईतल्या दिवसाची लांबी किती बदलते? पुरतं एक मिनिटसुद्धा नाही. आता मार्चमधले दोन आठवडे घ्या. तेवढ्याच काळात दिवस पाव तासाने मोठा होतो. सूर्य तोच, पृथ्वी तीच, मधल्या रात्रीही तितक्याच. तरी एका पंधरवड्यात उजेड भराभर वाढत जातो आणि दुसऱ्या पंधरवड्यात तो जवळपास जागच्या जागी असतो.

याच डिसेंबरच्या पंधरवड्यात नाताळ येतो, शाळांना सुट्टी लागते, कचेऱ्यांमधली धावपळ ओसरते आणि वर्षाची अखेर जवळ येते. माणसं जरा सैलावतात. आणि नेमक्या याच दिवसांत वरचा सूर्यही रेंगाळतो. त्याचं हे रेंगाळणं मोजता येतं. ते मोजायला बसलं की थांबण्याविषयी आणि बदलण्याविषयी फार मोलाचं काही हाती लागतं.

आधी सूर्य काय करतो ते पाहू. सूर्य पूर्वेला उगवतो असं आपण सरसकट म्हणतो, पण अगदी बरोबर पूर्वेला तो वर्षातून दोनदाच उगवतो, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेच्या सुमारास. एरवी त्याची उगवण्याची जागा क्षितिजावर सरकत असते. जूनमध्ये ती उत्तरेकडच्या टोकाला असते, तर डिसेंबरमध्ये दक्षिणेकडच्या. मुंबईहून पाहिलं तर या दोन टोकांमध्ये सुमारे ५० अंशांचं अंतर पडतं. पृथ्वीचा अक्ष जवळजवळ साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि तसा कललेलाच ती सूर्याभोवती फिरते, म्हणून हे घडतं. पण हे सरकणं एका चालीचं नसतं. मार्चमध्ये दोन आठवड्यांत सूर्योदयाची जागा साधारण अकरा सूर्यबिंबं शेजारी शेजारी मांडावीत एवढी सरकते. डिसेंबरच्या त्या पंधरवड्यात ती अर्ध्या बिंबाएवढीही हलत नाही.

झोपाळ्यावर बसलेल्या मुलीकडे पाहिलं तर याचं कारण डोळ्यांसमोर येतं. मधून जाताना झोपाळा सर्वांत वेगात असतो. टोकाकडे जाताना तो मंदावतो, टोकाला क्षणभर थांबतो आणि मग परततो. ज्याला परत फिरायचं आहे त्याला टोकाला आपला वेग शून्यावर आणावाच लागतो. दक्षिणेकडे जाणाऱ्या सूर्याला उत्तरेकडे वळायचं तर आधी त्याचं दक्षिणेकडे जाणं संपलं पाहिजे, आणि ते एका झटक्यात संपत नाही. अनेक दिवस ते मंदावत जातं, २१ किंवा २२ डिसेंबरला शून्याला टेकतं आणि तितक्याच सावकाश उलट दिशेने सुरू होतं.

हे गणित आपल्या मातीतल्या एका माणसाने साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलं होतं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यात त्यांनी ग्रहाच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे त्या त्या क्षणीच्या गतीचा विचार केला. ग्रहाच्या सरासरी स्थानाला जी दुरुस्ती द्यावी लागते, ती जिथे सर्वांत मोठी होते तिथे तिच्या बदलाचा वेग नाहीसा होतो, असं त्यांनी सांगून ठेवलं. आज कलनशास्त्राच्या पहिल्या धड्यांत मुलं हेच शिकतात: टोकाच्या बिंदूवर बदलाचा वेग शून्य. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण गावात सापडला.

या थांबण्याच्या पोटात आणखी एक नवल दडलेलं आहे. सूर्य क्षितिजावर जागच्या जागी दिसतो त्याच दिवसांत पृथ्वी आपल्या कक्षेत वर्षातल्या सर्वाधिक वेगाने धावत असते. तिची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते. त्या वेळी तिचा वेग सेकंदाला जवळपास ३०.३ किलोमीटर असतो. जुलैच्या आरंभी तो २९.३ पर्यंत उतरतो. सुट्टीत आपण अंगणात ऊन खात बसलेलो असतो तेव्हा आपल्या पायाखालची जमीन जुलैपेक्षा दर सेकंदाला एक किलोमीटर जास्त पळत असते.

त्याचा परिणाम घड्याळात दिसतो. एका दुपारी सूर्य माथ्यावरच्या रेषेवर आल्यापासून दुसऱ्या दुपारी पुन्हा तिथे येईपर्यंतचा काळ नेमका २४ तासांचा नसतो. डिसेंबरच्या अखेरीस तो २४ तास आणि वर सुमारे ३० सेकंद एवढा भरतो. पृथ्वी कक्षेत पुढे गेलेली असते आणि सूर्याची ताऱ्यांमधली सरकही याच काळात पूर्वेकडे सर्वाधिक असते, म्हणून त्याला पुन्हा माथ्यावर आणायला तिला स्वतःभोवती थोडं जास्त फिरावं लागतं. म्हणजे उजेडाच्या हिशेबाने जो दिवस सर्वांत लहान, तोच दुपार ते दुपार या हिशेबाने वर्षातल्या सर्वांत लांब दिवसांपैकी एक असतो.

या रोजच्या अर्ध्या मिनिटामुळे सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही घड्याळात पुढे ढकलले जातात. म्हणून मुंबईत सर्वांत लवकर सूर्यास्त होतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, आणि सर्वांत उशिरा सूर्योदय होतो तो जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. संक्रांतीला पहाटे उठणाऱ्या बाईला वाटतं की दिवस मोठा व्हायला लागला म्हणतात, पण उजाडायला तर रोज उशीरच होतोय. तिचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. दिवस वाढतो आहे तो संध्याकाळच्या बाजूने.

या वळणाची जाण माणसाला फार जुनी आहे. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज इथे सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची एक दगडी समाधी आहे. तिच्या दारावर एक झरोका ठेवलेला आहे. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सकाळी उगवत्या सूर्याचा किरण त्यातून आत शिरतो, सुमारे १९ मीटर लांबीच्या बोळातून थेट आतल्या खोलीपर्यंत पोचतो आणि जवळपास १७ मिनिटं तिथे राहतो. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओकेली यांनी २१ डिसेंबर १९६७ रोजी आत उभं राहून तो पाहिला. हा किरण १९ ते २३ डिसेंबर असा पाचही सकाळी आत येतो. त्या दिवसांत सूर्य जवळपास हलत नाही, म्हणून अरुंद झरोक्यालाही तो पाच दिवस सापडतो. मार्चमधल्या सूर्यासाठी असा झरोका बांधला असता तर एका सकाळी सापडलेला किरण पुढच्या एकदोन सकाळींतच बाजूला सरकला असता.

इराणमध्ये या सर्वांत लांब रात्रीला यल्दा साजरी होते. सारं घर जागतं, डाळिंब आणि कलिंगड खातं, हाफिजच्या कविता वाचतं. चीनमध्ये याच सुमाराला दोंगझी हा सण येतो आणि दक्षिणेकडच्या घरांत तांदळाच्या पिठाचे गोड गोळे शिजतात. या वळणाच्या दिवसांत माणसं कामातून अंग काढून एकत्र बसतात आणि काहीतरी गोड खातात, हे किती दूरदूरच्या भूमींवर घडतं!

आपल्याकडचा या वळणाचा सण म्हणजे संक्रांत. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगी, हरभरा, गाजर, पावटा घातलेली मिसळीची भाजी. दुसऱ्या दिवशी गुळाची पोळी, सुगडं, तिळगूळ, काळी चंद्रकळा, लहान मुलांचं बोरन्हाण. आणि दिवस तिळातिळाने वाढतो, हे आजीचं सांगणं. हे सांगणं गणिताने तपासून पाहावं. २१ डिसेंबरपासून १४ जानेवारीपर्यंत मुंबईतला दिवस मोठा होतो तो फक्त सुमारे सात मिनिटांनी. साडेतीन आठवड्यांत सात मिनिटं! याहून नेमकं माप शोधून सापडणार नाही.

पण इथे चौकस वाचक अडेल. सूर्य वळतो २१-२२ डिसेंबरला, मग उत्तरायणाचा सण १४ जानेवारीला कसा?

पूर्वी हे दोन्ही एकाच दिवशी येत होते. आज आहेत तसे त्यांच्यामध्ये २४ दिवस नव्हते. हे अंतर पडत गेलं आणि अजूनही पडतं आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. आजच्या तारखेवरून आपण ती संक्रांतीच्या दिवशी झाली असं समजतो, पण त्या वर्षी संक्रांत येऊन गेली होती १० जानेवारीच्या सुमारास. म्हणजे सदाशिवरावभाऊंच्या काळापासून आजपर्यंत संक्रांत चार दिवसांनी पुढे आली आहे.

याचं कारण पृथ्वीच्या अक्षात आहे. अक्षाचा कल जवळपास तेवढाच राहतो, पण त्याची दिशा हळूहळू फिरते. आज तो ध्रुवताऱ्याकडे रोखलेला आहे. हजारो वर्षांनी तो दुसऱ्या ताऱ्यांकडे रोखलेला असेल आणि सुमारे २५,८०० वर्षांत आकाशात एक पूर्ण वर्तुळ काढून पुन्हा इथे येईल. याला परांचन म्हणतात. चंद्र आणि सूर्य पृथ्वीच्या विषुववृत्तावरच्या फुगवट्याला ओढतात, त्यातून ते घडतं. ऋतू अक्षाच्या कलावर ठरतात आणि राशी ताऱ्यांवर. त्यामुळे ऋतूंचं वर्ष आणि ताऱ्यांचं वर्ष यांत सुमारे २० मिनिटांचा फरक पडतो. आपली संक्रांत, म्हणजे सूर्याचा मकर राशीतला प्रवेश, ताऱ्यांच्या वर्षाला बांधलेली आहे. दरवर्षी २० मिनिटं, म्हणजे साधारण ७० वर्षांत एक दिवस. एका माणसाच्या आयुष्यभरात एक दिवस!

इतका मंद बदल ओळखायलाच किती पिढ्या लागल्या असतील. आणि ओळखल्यावर तो कबूल करायला केवढं धाडस लागलं असेल, कारण इथे बदलत होता तो शास्त्रात लिहून ठेवलेला शब्द. वेदांगज्योतिषात लिहिलं होतं की उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सुरू होतं. सहाव्या शतकात वराहमिहिरांनी आकाशाकडे पाहिलं, तर सूर्य मकर राशीच्या आरंभीच वळत होता. त्यांनी ‘बृहत्संहिते’त यावर जे लिहिलं त्याने मन भरून येतं. पूर्वीच्या शास्त्रांत तसं सांगितलं आहे त्या अर्थी कधीकाळी तसं खरोखरच असलं पाहिजे. आज मात्र ते असं आहे. आणि फरक पडला आहे की नाही हे प्रत्यक्ष पाहून ठरवावं, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. पूर्वजांना त्यांनी खोटं ठरवलं नाही आणि स्वतःच्या डोळ्यांनाही नाही. बदल मान्य करण्याची याहून सभ्य रीत मला ठाऊक नाही. पाहायचं कसं तेही त्यांनी सांगितलं: उगवत्या किंवा मावळत्या सूर्याची जागा दूरच्या एखाद्या खुणेशी ताडून पाहा, किंवा मोठ्या वर्तुळात रोवलेल्या शंकूची सावली कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते त्याच्या खुणा करा.

ही रीत महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात पुन्हा जागी झाली. जुन्या करणग्रंथांवरून केलेलं पंचांगाचं गणित आकाशाशी जुळत नाही, हे गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांना दिसत होतं. त्यांच्या शुद्ध गणिताचं पटवर्धनी पंचांग १८६५ मध्ये निघालं. छत्रे हे लोकमान्य टिळकांचे गुरू. पुढे टिळकांनी पंचांगशोधनाचा प्रश्न हिरिरीने हाती घेतला. परांचनाच्याच आधारे त्यांनी ‘ओरायन’ या १८९३ च्या ग्रंथात वेदांचा काळ काढायचा प्रयत्न केला. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाची बाजू घेतली, म्हणजे सण ऋतूंनाच बांधावेत असं म्हटलं. दीक्षितांचा १८९६ चा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ आजही या विषयाचा आधार आहे. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा तारा प्रमाण मानून गणित मांडलं.

या मतांप्रमाणे संक्रांतीचे तीन दिवस होतात. सायन पंचांगाने ती डिसेंबरच्या २१-२२ ला येते, टिळक पंचांगाने १० जानेवारीच्या सुमारास, आणि चित्रा तारा मानणाऱ्या आजच्या प्रचलित पंचांगांनी १४ किंवा १५ जानेवारीला. कोकणातल्या काही घरांत आजही टिळक पंचांगाची संक्रांत साजरी होते. मतं वेगळी, पण या सगळ्यांचा आग्रह एकच होता: पंचांगाने आकाशाशी खरं बोललं पाहिजे. परंपरेवर जिवापाड प्रेम करणाऱ्या माणसांनीच तिच्यात दुरुस्ती मागितली, कारण दुरुस्त झालेली परंपरा टिकते हे त्यांना कळलं होतं.

जगभर हेच घडलं आहे. युरोपातलं जुलियन वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं होतं. ती मिनिटं साठत साठत दहा दिवस झाले, तेव्हा १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांच्या आज्ञेने ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरण्यात आला. रशियातलं ऑर्थोडॉक्स चर्च जुनीच गणना चालवतं, म्हणून तिथला नाताळ आता ७ जानेवारीला येतो. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर तिचे सदस्य होते. तिच्या शिफारशीतून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिच्यातला पौष महिना सुरू होतो २२ डिसेंबरला, सूर्य वळल्यावर लगेच.

आणि पुढे? पुढच्या शतकात संक्रांत १५ आणि १६ जानेवारीला येऊ लागेल. आजची पद्धत तशीच चालू ठेवली तर सुमारे ११ हजार वर्षांनी ती जूनमध्ये येईल, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, ऊब धरणारे काळे कपडे हे सगळं थंडीसाठी आहे. तेव्हाच्या माणसांना एक तर सणाची तारीख बदलावी लागेल, नाही तर त्याचं ताट. ते काय करतील हे त्यांचं त्यांनी ठरवावं, पण केरूनाना छत्रे आणि वराहमिहिर यांनी दाखवलेली वाट त्यांच्यासाठीही मोकळी असेल.

बदल म्हटलं की आपल्याला वेग आठवतो. नवी नोकरी, नवं गाव, मुलांचं घराबाहेर पडणं, आईवडिलांचं म्हातारपण, हे सारं धडकन येऊन आदळतं असं वाटतं आणि त्याला सामोरं जायचं तर आपणही धावलंच पाहिजे असं वाटतं. सूर्याची रीत वेगळी आहे. मार्चमध्ये तो वेगात असतो, पण दिशा बदलत नाही. दिशा बदलते ती डिसेंबरच्या त्या संथ दिवसांत, जेव्हा काहीच घडत नाही असं दिसतं. आणि वळल्यावरही पहिल्या साडेतीन आठवड्यांत तो सातच मिनिटं देतो. सुट्टीचे चार निवांत दिवस वाया गेले असं ज्याला वाटतं त्याने हे लक्षात ठेवावं. थांबणं हा वळण्याचाच एक भाग आहे, आणि सुरुवातीला फरक दिसत नाही म्हणून वळण चुकलं असं होत नाही.

म्हणून या सुट्टीत एक करा. १५ डिसेंबरला गच्चीवरून किंवा खिडकीतून मावळत्या सूर्याची जागा समोरच्या एखाद्या इमारतीशी, झाडाशी, डोंगराच्या कडेशी ताडून ठेवा. सूर्य क्षितिजाला टेकल्यावरच पाहा आणि दर वेळी एकाच जागी उभं राहून पाहा. २१ तारखेला पुन्हा पाहा, २८ ला पुन्हा, मग संक्रांतीला. घरातल्या मुलांना बरोबर घ्या आणि खुणा त्यांनाच करू द्या. वराहमिहिरांनी सांगितलेल्या या वेधाला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही, फक्त सवड लागते. पहिल्या तीन खुणा एकीवर एक पडतील. संक्रांतीची खूण मात्र त्यांच्या उजवीकडे, उत्तरेच्या बाजूला सरकलेली दिसेल.